मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची?

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून) जाते आणि सपाट नकाशावर ती उत्तरेकडे फुगलेली दिसते.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. सायंटिफिक कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर घ्या. रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.१६९०. बेरीज ०.४२४८. तिचा इन्व्हर्स कोसाइन ६४.८६ अंश. एका अंशाला १११.१९ किमी धरले की ७,२१२ किमी मिळतात.

चूक बहुतेक रेखांशात होते. हीथ्रो शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला आहे, म्हणून इथे बेरीज करायची: ७३.३२. सवयीने वजाबाकी केलीत तर साठेक किमी कमी भरतात. आणि १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, ५ ला ६० ने भागा, १९.०८ येईल.

विमान मात्र ७,२१२ किमीत पोहोचत नाही. ही रेषा पाकिस्तान, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. वळसा धरून अंदाजासाठी ७,६०० किमी घ्या.

आता वेळ. मोठं जेट ताशी सुमारे ९०० किमीने उडतं. पण उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून जाताना ते समोरून लागतात आणि येताना पाठीशी असतात. जाताना ८४० धरले तर ९ तास ३ मिनिटं, येताना ९५० धरले तर ८ तास. दोन्हीकडे टॅक्सी (विमानाची जमिनीवरची चाल), चढण आणि उतरण यांची ४० मिनिटं मिळवा: जाताना पावणेदहा तासांच्या आसपास, येताना ८ तास ४० मिनिटं. हिवाळ्यात वारे जोरात असतात, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

हा हिशेब तिकिटाशी ताडून बघाच. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि त्या गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या. समजा, जुलैत मुंबईहून दुपारी १:३० ला निघून लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोहोचायचं आहे. घड्याळात पाच तास दिसतात. जुलैत लंडनची घड्याळं भारताच्या ४:३० तास मागे असतात, तेवढे त्यांत मिळवले की खरा प्रवास साडेनऊ तासांचा. परतताना तेवढेच वजा करायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळं आणखी एक तास मागे असतात, तेव्हा ४:३० च्या जागी ५:३० तास घ्या.