वन बीएचकेत मांजर पाळायचंय? आधी लिटर बॉक्सची जागा ठरवा

आमचं घर नवी मुंबईत ऐरोलीला, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. माणसं तीन आणि मांजरं दोन, ठकी आणि गोट्या. घरी कोणी पहिल्यांदा आलं की चपला काढता काढता नाक जरा वर करून वास घेतं आणि मग विचारतं, अगं वास कसा नाही येत? तेच सगळं इथे लिहितेय, कारण एवढ्याशा घरात मांजर म्हणजे घाण होणारच असं धरून चालणारी माणसं खूप आहेत, आणि त्यापायी पाळलेली मांजरं परत खाली पार्किंगमधे सोडली जातात, ते बघवत नाही.

पहिलं म्हणजे मांजर मुळात स्वच्छ जनावर आहे. खड्डा करून जायचं आणि वर माती ओढायची हे त्याला आई सोबत असतानाच येतं, शिकवावं लागत नाही. मग ते गादीवर, पायपुसण्यावर, सोफ्याच्या कोपऱ्यात करतं ते का, तर एकतर लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूसाठी माती किंवा तसलंच काही (त्यालाच लिटर म्हणतात) भरून ठेवलेलं खोकं, त्याला पटलेला नाही, नाहीतर त्याला काहीतरी दुखतंय. सूड म्हणून कोणतंही मांजर तुमच्या गादीवर जात नाही.

आमच्याकडचंच सांगते. गोट्या दीड वर्षाचा असताना अचानक आईंच्या गोधडीवर शू करायला लागला, एकदा नाही, आठवड्यात चार वेळा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी ती गोधडी जुन्या नऊवारीची स्वतः शिवलेली, त्यामुळे घरात काय झालं असेल बघा. डॉक्टरकडे नेलं, लघवी तपासली, सगळं नॉर्मल. मग एका रविवारी मी बसून नुसतं बघत राहिले. लिटर बॉक्स होता बाथरूमच्या बाहेर वॉशिंग मशीनला चिकटून, गोट्या आत शिरला, दोन पाय टाकून उकरायला लागला आणि तेवढ्यात मशीनचा स्पिन सुरू झाला, सगळी लादी थरथरली आणि तो कान मागे पाडून जो पळाला तो थेट गोधडीवर. महिनाभर आधीच आम्ही मशीन बदललं होतं आणि जागा नाही म्हणून बॉक्स तिथे सरकवला होता. बॉक्स उचलून हॉलमधल्या शोकेसच्या बाजूला ठेवला, त्या दिवसापासून आजपर्यंत गोधडी कोरडी आहे.

म्हणून जागा आधी ठरवा. आवाज नको, येण्याजाण्याच्या अगदी वाटेत नको, पण माळ्यासारख्या अडगळीत पण नको, आणि जेवणाच्या वाटीजवळ तर अजिबात नको, आपण तरी संडासात ताट घेऊन बसू का. बाथरूममधे ठेवणार असाल तर दार कायम उघडं राहील अशी सोय करा, आणि तिथली फरशी ओली राहते त्यामुळे लिटर लवकर चिकट होतं हे धरून चाला. नियम असा सांगतात की जेवढी मांजरं त्यापेक्षा एक बॉक्स जास्त. आमच्या घरात तीन बॉक्स बसवणं कठीण गेलं, पण बसवले, एक हॉलमधे, एक बाल्कनीत छपराखाली, एक बेडरूममधल्या टेबलाखाली. तिन्ही ओळीने एका जागी ठेवून उपयोग नाही, मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स असतो आणि दोघांत कुरबुर असेल तर एक जण वाट अडवून बसतो.

बॉक्स महागडा, झाकणवाला, डिझाइनवाला घ्यायची काही गरज नाही. दुकानात मिळणारे बरेचसे ट्रे लहान असतात, मोठ्या बोक्याला त्यात वळता पण येत नाही. लांबी मांजराच्या दीडपट तरी हवी. मी प्लास्टिकचं चौकोनी स्टोरेज खोकं घेतलं, एका बाजूने गरम सुरीने कापून दार केलं, कडा घासून घेतल्या, झालं. बाजू उंच असल्याने लिटर बाहेर उडत नाही. समोर काथ्याचं पायपुसणं टाका, पायाला लागलेलं त्यातच झडतं.

लिटरमधे बेंटोनाइट म्हणजे मातीचं, ज्याचे गोळे होतात ते, बहुतेक मांजरांना आवडतं कारण पायाला मऊ लागतं. दोन-अडीच इंच थर हवा, कमी टाकलं की लघवी तळाला चिकटते आणि वास तिथूनच येतो. सुगंधी लिटर घेऊ नका, आपल्याला लॅव्हेंडर वाटतं ते त्यांच्या नाकाला नकोसं होतं. लाकडाचे पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या, स्वस्त पडतात, वास पण छान दाबतात, पण काही मांजरांना पायाला टोचतात, ठकी त्यात पायच ठेवत नाही. बदलायचं असेल तर एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. बांधकामाची रेती बरेच जण वापरतात, लहान पिल्लाला चालून जातं, पण ती वास धरत नाही आणि घरभर कचकच होते.

आता खरं काम. सकाळ-संध्याकाळ दोनदा गोळे काढायचे, रोज, सुट्टी नाही. मी जुना झाराच वापरते, स्कूपपेक्षा टिकतो. चहा ठेवला की तो उकळेपर्यंत तिन्ही बॉक्स होतात, एवढंच काम आहे. वर थोडं नवीन लिटर टाकायचं, दोन-तीन आठवड्यांनी अख्खं रिकामं करून खोकं साध्या साबणाने धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. खरडलेली खोकी वर्षभरात बदला, ओरखड्यांत वास मुरतो. काढलेलं कमोडमधे टाकू नका, मातीचं लिटर पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबला की खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण. पेपरमधे गुंडाळून वेगळ्या पिशवीत बांधून द्या, आणि कचरा उचलायला येणाऱ्या दादांना एकदा सांगून ठेवा आत काय आहे ते, हाताने कचरा वेगळा करतात ती माणसं.

घरात कोणी गरोदर असेल तर लगेच सगळे म्हणतात मांजर काढा. काढायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा परजीवी जंतू, त्याची भीती असते ती मांजराच्या विष्ठेतून, पण ते विष्ठेत असलंच तरी बाहेर पडल्यावर संसर्ग होण्याजोगं व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो, म्हणजे रोज साफ केलं तर धोका तिथेच खूप कमी झाला. ते काम नवऱ्याने नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं, मांजराला कच्चं मटण-चिकन द्यायचं नाही आणि आपल्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगायचं.

कुठे बाहेर शू केलीच तर फिनाईल ओतू नका. हे मी हात जोडून सांगते कारण आपल्याकडे लादी म्हटली की फिनाईल. मांजराच्या लिव्हरला फिनॉल जातीची रसायनं पचवता येत नाहीत, ते लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते सगळं पोटात जातं. काळं फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं ते अँटिसेप्टिक, दोन्ही मांजराच्या घरात नकोत. ब्लीच पण लघवीवर टाकू नका, त्याने विषारी वाफ होते. आधी कापडाने दाबून शोषून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर पेट शॉपमधे मिळतं ते भरपूर मारून वाळू द्या. लघवीतलं युरिक अ‍ॅसिड साध्या साबणाने जात नाही, आपल्याला वास गेला असं वाटतं पण मांजराला तो येतच राहतो आणि ते परत तिथेच जातं. रोजची लादी आम्ही साध्या पाण्यात थेंबभर भांड्यांचा लिक्विड टाकून पुसतो. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढल्या, त्या पण विषारी. आणि मांजर तापलं म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एका गोळीने जीव जातो.

बोका कोपऱ्याकोपऱ्यात शेपूट उभी करून फवारे मारत असेल तर तो लिटरचा प्रश्न नाही, त्याला ऑपरेशन हवंय. पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून घ्या, मादीची पण, नाहीतर ती माजावर आली की रात्रभर ओरडते आणि लहान फ्लॅटमधे कोणीच झोपत नाही. ठकीचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ती शोकेसवर उडी मारायला बघत होती.

जागेचं म्हणाल तर मांजराला चौरस फूट कळत नाहीत, उंची कळते. खाली जमीन नसेना का, वर भिंती आहेत. फ्रिजचं डोकं, शोकेस, कपाटाचा वरचा भाग, माळ्याची कड, हे सगळं मोकळं करा आणि मधे एक-दोन मजबूत फळ्या ठोका म्हणजे खाली न उतरता खोली पार करता येते. आमच्याकडे आईंचं जुनं शिलाई मशीन खिडकीला लावलंय, त्यावर घडी केलेली चादर. समोर गुलमोहर. सकाळी सातला बुलबुल येतो, ठकी मशीनवर चारही पाय पोटाखाली घेऊन बसते, शेपटीचं फक्त टोक हलत असतं आणि जबडा थरथरून कट-कट-कट असा बारीक आवाज काढते. तासभर ती तिथून हलत नाही. त्या एका खिडकीने तिचा अर्धा दिवस जातो.

पण खिडकी पक्की हवी. मांजर पायावरच पडतं म्हणून काही होत नाही असं म्हणतात, ते खरं नाही, पायावर पडूनसुद्धा जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. स्लायडिंगची डासांची जाळी मांजराचं वजन धरत नाही, कबुतरामागे झेपावलं की जाळीसकट बाहेर. ग्रिलमधून डोकं गेलं की अख्खं मांजर जातं, त्यामुळे ग्रिलला आतून तारेची जाळी मारा. बाल्कनीची नायलॉनची कबुतर जाळी चालते पण ती उन्हाने कुजते आणि मांजरं चावतात, दर महिन्याला हाताने ओढून बघा, खालच्या कडा खास करून.

नखं घासणं थांबवता येत नाही, जागा देता येते. जुन्या टेबलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळा, अडीच-तीन फूट उंच, कारण त्यांना पूर्ण ताणून ओरबाडायचं असतं, आणि ते सोफ्याच्या अगदी बाजूला ठेवा. ओरडू नका, ओरडल्याने ते फक्त तुम्ही नसताना करतात.

खेळ दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, काठीला जुन्या ओढणीची पट्टी बांधून. उंदीर पळतो तशी पट्टी पळवा, दाराआड लपवा, शेवटी पकडू द्या. आणि लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा क्रम आहे, रात्री झोपायच्या आधी तो पूर्ण केला की पहाटे चारला छातीवर नाचणं बंद होतं. खेळ झाला की पट्टी कपाटात ठेवा, दोरा किंवा रबरबँड गिळला तर आतडी कापली जातात.

खाण्याचं थोडक्यात. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही आणि जुलाब झाले की बॉक्सचा वास तुम्हालाच. इथल्याच दिवा गावच्या कोळीवाड्यातल्या मावशी मांदेली घेऊन आल्या की आमच्या दोघांना दार उघडायच्या आधी कळतं, पण मासे आम्ही आठवड्यातून एकदा, उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न घालता देतो. काही कच्च्या माशांनी शरीरातलं बी1 जीवनसत्त्व मोडतं. नुसत्या उकडलेल्या चिकनवर पण मांजर ठेवू नका, टॉरिन नावाचं त्यांना लागणारं पोषक द्रव्य कमी पडलं तर डोळे आणि हृदय खराब होतं, त्यामुळे मुख्य जेवण मांजरांसाठीचं पूर्ण फूडच असू द्या. कांदा-लसूण अजिबात नाही, आमटी-रश्शात कालवलेला भात त्यामुळेच बाद. पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेवून बघा, काही मांजरांना तसं आवडतं.

पावसाळ्यात इथे खाडीची दमट हवा, लिटरची उघडी पिशवी आठवड्यात ओलसर होते, घट्ट झाकणाच्या डब्यात ओता. केस गळून गोल चट्टा दिसला तर गजकर्ण असू शकतं, माणसांना पण लागतं, लगेच दाखवा. आंघोळ घालू नका, दोन दिवसांनी एकदा ब्रश करा. सोफ्यावरचे केस ओल्या रबरी हातमोज्याने एका दिशेने ओढले की गोळा होऊन येतात. घरातच असलं तरी लसी चुकवू नका, रेबीजची पण.

बोका सारखा बॉक्समधे जाऊन बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लघवी अडकली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. अशा वेळी रात्री अकराला मांजर कॅरिअरमधे कोंबणं फार कठीण असतं, त्यामुळे कॅरिअर माळ्यावर टाकू नका, हॉलच्या कोपऱ्यात दार उघडं करून, आत जुना टीशर्ट टाकून वर्षभर तसाच ठेवा. आमच्याकडे गोट्या दुपारी त्यातच झोपतो, डॉक्टरकडे जायचं असलं की नुसतं दार लावायचं.