मोदकाचं पीठ आणि दोन भुंगेरे

गुहागरच्या आमच्या घरी पिठात तांबूस भुंगेरा दिसला की मी आधी भिंग काढते. मिशांची शेवटची तीन पेरं एकदम जाड असली, तर तो तांबडा भुंगेरा. हळूहळू जाड होत गेली, तर त्याचा भाऊबंद. दोघे एकमेकांची अंडी आणि कोष खातात! अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ थॉमस पार्क यांनी १९५४ मध्ये दाखवलं की ३४ अंशांच्या दमट हवेत तांबडा जिंकतो, २४ अंशांच्या कोरड्या हवेत दुसरा. आपली हवा तांबड्याच्याच बाजूची. म्हणून तांदूळ साठवू नका; टरफलासकट भात कडक वाळवून कणगीत ठेवा, लागेल तसं भरडून आणा. सोंड्यांनी (धान्य पोखरणाऱ्या सोंडवाल्या किड्यांनी) फोडलेली कणी पाखडून टाका, भुंगेरा तिच्यावरही वाढतो. जुन्या पिठावर नवं ओतू नका. डबा धुऊन उन्हात पूर्ण सुकवा, झाकणाची खाच विसरू नका.