वादग्रस्त विषयावर लिहिताना आधी पूर्वपक्ष लिहा

माहिती जमवणं तुम्हाला येतंच, ते सांगत नाही. फक्त मत एका वाक्यात बसवा. ‘बैलगाडा शर्यत चांगली की वाईट’ हा नुसता गलका. ‘बैलाला पराणी (टोकदार काठी) टोचली गेली, तर त्या गावाला पुढच्या वर्षी परवानगी देऊ नये’ हे मत.

तारखा तपासा. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०१४ची, शर्यतींना परवानगी देणारी राज्याची कायदादुरुस्ती २०१७ची, घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली २०२३मध्ये. एक साल चुकलं की विरोधक तिथेच पान उलटतो.

आता खरी अडचण. ‘दोन्ही बाजू मांडा’ हा सल्ला मला पहिल्यापासून खटकतो. त्यातून ‘एकीकडे असं, दुसरीकडे तसं’ अशी पातळ आमटी होते. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी मांडायचे, तोही समोरच्याला मान्य होईल असा. मी सुरुवातीला तिथेच आपटलो. ‘गाडामालकांना परंपरेचा अभिमान’ असं लिहून तो अभिमान चार ओळींत झोडपला आणि लेख गावातल्या एका गाडामालक काकांना दाखवला. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, “हे बोललं कोण? आमच्यातलं तर कुणी नाही.”

मग त्यांनी हिशेब सांगितला. नांगरट ट्रॅक्टरने होते. शर्यत नसेल तर खिल्लार खोंड पाळायचा कशाला? आणि पाळला नाही तर जात टिकणार कशी? यातलं एक अक्षरही माझ्या लेखात नव्हतं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला “हां, असंच” ऐकू आलं, तेव्हा कुठे उत्तर लिहायला घेतलं.

‘काही लोक म्हणतात’ असं लिहूच नका, ती पळवाट आहे. व्हॉट्सॲपवरचा सगळ्यात बावळट मेसेज विरोधक म्हणून उभा करू नका. विरोधकाचं जे खरं आहे ते ‘हे खरं आहे’ म्हणून लिहा आणि पूर्णविराम द्या. त्याच ओळीत ‘पण’ आला की कबुली वाया जाते. शर्यतीमुळे खोंडाला गिऱ्हाईक मिळतं, हे मी तसंच लिहिलं. माझा मुद्दा पुढच्या परिच्छेदात आला: त्या गिऱ्हाइकासाठी पराणी लागत नाही.

शेवटी विशेषणं खोडा. ‘अमानुष’ काढून ‘शेपटी पिरगाळली’ लिहा. सहाशे शब्द पुरेत. मथळ्यात प्रश्नचिन्ह नको.