निकोबारला फिजिशियन म्हणून जाताना

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातून किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयातून पेशंट रेफर करायचा म्हणजे सायन-केईएमला फोन, अ‍ॅम्ब्युलन्स आणि मुलुंड किंवा वाशी नाक्यावरचा ट्रॅफिक. कार निकोबार बेटावरच्या बिशप जॉन रिचर्डसन रुग्णालयातून रेफर करायचा म्हणजे सुमारे २७० किलोमीटर समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात. (सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, दोन्ही नावं ध्यानात ठेवा.) ग्रेट निकोबारचं कॅम्पबेल बे तर पोर्ट ब्लेअरपासून ५०० किलोमीटरपेक्षाही लांब. मेडिसिन तुम्ही ठाण्यात शिकून जाता. तिथे गेल्यावर शिकावं लागतं ते पेशंट बिघडायच्या आधी त्याला हलवायचं ठरवणं.

त्यासाठी पहिलं गणित सूर्याचं. निकोबार ठाण्याच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य मावळतो. पेशंटला नेणारं हेलिकॉप्टर उजेडातच उडतं असं धरून चाला. म्हणजे हलवायचा निर्णय दुपारी बाराच्या आत झाला, तर कागदपत्रं, पायलटची उपलब्धता आणि हवामान जुळून पेशंट त्याच दिवशी पोहोचू शकतो. संध्याकाळच्या राउंडला ‘सकाळी बघू’ म्हणालात तर बारा तास तुमच्याच वॉर्डात काढायचे आहेत. पावसाळ्यात ढग खाली असले की दोन-दोन दिवसही जातात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे मेच्या उत्तरार्धातच पोहोचतो आणि ईशान्येचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. हेलिकॉप्टरच्या भरवशाचे महिने म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल.

दुसरं गणित ऑक्सिजनचं. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर असतात, लहान बी टाइपमध्ये सुमारे १५००. मिनिटाला १० लिटरने डी टाइप साडेअकरा तासांच्या आसपास चालतो आणि बी टाइप अडीच तास. संध्याकाळी साडेपाच ते पहाटे साडेपाच या बारा तासांना एका पेशंटला ७२०० लिटर लागतात, म्हणजे एक डी टाइप पुरत नाही. हाय फ्लो (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटरवर लावला तर तोच सिलिंडर दोन तासांत रिकामा. ठाण्यात पाइपलाइनची सवय असल्यामुळे इथेच बहुतेक जण फसतात: हाय फ्लोवर पेशंट सुधारतो, डॉक्टर निश्चिंत होतो आणि मध्यरात्री गेजचा काटा खाली आलेला दिसतो. फ्लो वाढवताना केसपेपरवर ‘या दराने किती वाजेपर्यंत’ हे लिहायची सवय लावा. काँसेंट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) ५ किंवा १० लिटरच देतो आणि तोही वीज असेपर्यंत.

आजारांमध्ये सर्वात जास्त लक्ष द्यायचं ते तापाकडे. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तुम्ही ठाण्यात पाहिलेला असतो, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तुंबल्यावर. अंदमानात त्याच्या साथी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही येतात आणि फुप्फुसात रक्तस्राव होणारा प्रकार तिथे चांगलाच परिचित आहे. पोर्ट ब्लेअरचं आयसीएमआरचं केंद्र याच आजारावर कित्येक वर्षं काम करतं आहे. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल पण चिपडं नसलेले डोळे, एवढ्यावर उपचार सुरू करा, अँटिबॉडीच्या रिपोर्टसाठी थांबू नका. दाखल पेशंटला सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम रोज किंवा पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी. त्याच्या जोडीला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा द्यावं, कारण तसाच ताप आणणारा स्क्रब टायफस (बारीक माइट चावून होणारा आजार) सेफ्ट्रियाक्सोनला दाद देत नाही. स्क्रबचा काळा खपला काखेत, जांघेत, स्तनाखाली असतो, कपडे न काढता सापडत नाही. क्रिएटिनिन ४ (किडनी बिघडल्याची खूण) आणि तरीही पोटॅशियम ३.२ इतकं कमी अशी जोडी दिसली तर लॅब चुकली असं समजू नका. लेप्टोत किडनी निकामी होतानाही पोटॅशियम कमी राहू शकतं.

आता हलवण्याचा प्रश्न. खोकल्यातून रक्त पडायची वाट पाहिलीत तर उशीर झाला. लेप्टोच्या पेशंटचा श्वास आडवं असताना मिनिटाला २४ च्या वर गेला, सॅच्युरेशन ९४ च्या खाली आलं किंवा छातीत नव्याने क्रेप्स (श्वास घेताना बारीक करकर) ऐकू आले, यातलं एक जरी असलं तरी फोन उचला. सलाइन जपून द्या, फुप्फुसं आधीच गळत असतात. प्लेटलेट्स घसरत असतील तर आणखी घाई करा. बेटावर रक्तपेढी आहे की नुसतं साठवण केंद्र, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या. साठवण केंद्राला रक्तदात्याकडून रक्त घेता येत नाही, बाहेरून आलेलं रक्त ठेवता येतं एवढंच.

मलेरियाची तपासणी प्रत्येक तापात करावी, हे वेगळं सांगायला नको. हत्तीरोगाचं मात्र सांगायला हवं. नानकौरी बेटांवरच्या हत्तीरोगाचे मायक्रोफायलेरिया (जंतांची पिल्लं) दिवसा रक्तात जास्त असतात. आपल्याकडे शिकवतात तसा फक्त रात्री स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) घेतलात तर निगेटिव्ह येऊ शकतो.

साप चावल्यास सावध राहा. आपली पॉलिव्हॅलेंट (अनेक सापांच्या विषावर चालणारी) लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या मुख्य भूमीच्या चार सापांवर बनते. अंदमानचा नाग आणि मण्यार वेगळ्या जातीचे आहेत, तिथले हिरवे पिट व्हायपरही या चारांत नाहीत. त्यामुळे विषबाधेची लक्षणं नसताना लस देऊ नये आणि पिट व्हायपरच्या नुसत्या सुजेवर कुप्या संपवू नयेत. लक्षणं असतील तर नेहमीसारख्या ८ ते १० कुप्या, बाजूला अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम भरून ठेवलेलं. मण्यारीच्या जातीच्या दंशात खरा जीव वाचवते ती श्वासाला दिलेली साथ. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबणाऱ्या दोन-तीन माणसांच्या पाळ्या लावा. स्टोनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या, ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवा, वेदना त्याने उतरते.

हार्ट अटॅकसाठी थ्रोम्बोलिसिसचा, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा, हात बसलेला हवा. ठाण्यात थेट कॅथलॅब गाठायची सोय असल्यामुळे बऱ्याच नव्या एमडींनी त्यातलं टेनेक्टेप्लेज स्वतः क्वचितच दिलेलं असतं. ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, दर १० किलोला ५ ने वाढवत ९० किलो आणि वर ५०. पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा डोस.

हेलिकॉप्टरमध्ये स्टेथोस्कोपचा उपयोग शून्य, आवाजच तेवढा असतो. मॉनिटरची बॅटरी पूर्ण चार्ज हवी. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा) असेल तर उडण्याआधी छातीत नळी घाला, वर गेल्यावर हवा फुगते. श्वासनलिकेत ट्यूब घालावी की नाही अशी शंका असेल तर जमिनीवरच घाला. रुग्णालय ते धावपट्टी, तिथली वाट बघणं आणि प्रवास मिळून तीन तास सहज जातात, तेव्हा एक बी टाइप सिलिंडर पुरणार नाही. दुसरा सिलिंडर नेता येईल का, हे पायलटला आधी विचारा.

कागदपत्रांत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंगचा दाखला हाताशी ठेवा. निकोबार १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली येतं, पास लागतो. सोबत कुटुंब नेणार असाल तर त्यांच्या पासचं आधीच विचारा. खिशात मावणारं सोनोग्राफी यंत्र स्वतःचं म्हणून नेऊ नका. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्यात नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही. बोलायला हिंदी चालते. कॅम्पबेल बेला १९६९ पासून वसवलेल्या माजी सैनिकांमध्ये मराठी कुटुंबंही आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये समुद्राखालची केबल कार निकोबार आणि कॅम्पबेल बेपर्यंत पोहोचली. ईसीजीचा फोटो पाठवून कार्डिओलॉजिस्टचं मत घ्यायला संकोच करू नका.

निघण्याआधीचे तीन महिने कळव्यात, ठाणे सिव्हिलला किंवा नेरूळच्या कॉलेजात असाल तर भूलतज्ज्ञांकडे सकाळी जाऊन ट्यूब घालायला शिका, मलेरियाचा स्मिअर स्वतः रंगवून वाचा आणि पोटातून करायचं पेरिटोनियल डायलिसिस एकदा तरी हाताने करा.

रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी स्टोअरकीपरबरोबर बसून भरलेले सिलिंडर मोजा, सापाच्या लसीच्या कुप्यांची मुदत पाहा, फ्रिज २ ते ८ अंशांत आहे ना ते बघा, जनरेटर बंद-चालू करून घ्या आणि हेलिकॉप्टरसाठी कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा ते मोठ्या अक्षरांत लिहून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवा.