माऊन ते कसाने: स्वतः गाडी चालवून बोट्स्वानाच्या अरण्यात

उत्तर बोट्स्वानात माऊन या गावापासून मोरेमी अभयारण्य, ख्वाई आणि सावुती करत चोबे नदीकाठच्या कसानेपर्यंत जाणारी वाट नकाशावर फार लांब दिसत नाही. प्राणी पाहण्यासाठीच्या फेऱ्या वगळल्या तर ती साधारण ४०० किलोमीटर भरते. डांबरी रस्त्याच्या हिशेबाने हे एका दिवसाचे अंतर आहे, परंतु येथे तो हिशेब लागू पडत नाही. ख्वाई ते सावुती या शंभर-सव्वाशे किलोमीटरलाच चार ते पाच तास सहज लागतात. त्यामुळे कार्यक्रम आखताना किलोमीटर न मोजता तास मोजावेत आणि मुक्कामाची ठिकाणे कमी करून प्रत्येक ठिकाणी किमान दोन-तीन रात्री राहावे. सात दिवसांत पाच अरण्ये पाहू पाहणाऱ्यांचा बहुतेक वेळ वाळू पाहण्यातच जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम या प्रवासाला योग्य असतो. मात्र कोरडा हंगाम म्हणजे कोरडी वाट, असा समज करून घेऊ नये. मोरेमी जिच्या त्रिभुज प्रदेशात आहे त्या ओकावांगो नदीला पूर येतो तो अंगोलाच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात पडलेल्या पाण्याचा, आणि सपाट प्रदेशातून संथपणे सरकणारे ते पाणी माऊनच्या परिसरात पोहोचेपर्यंत जून ते ऑगस्ट उजाडतो. म्हणजे आकाश निरभ्र असते, महिनोन्‌महिने पावसाचा थेंब पडलेला नसतो आणि मोरेमीतले ओढे मात्र त्याच वेळी भरलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च या पावसाच्या महिन्यांत अडचण वेगळी असते. ख्वाईच्या पुढच्या माबाबे गावाहून सावुतीकडे जाताना दोन वाटा फुटतात, त्यांपैकी दलदलीच्या भागातून जाणारी वाट काळ्या चिकणमातीची असल्याने पाऊस झाल्यावर तिच्याकडे फिरकू नये. वाळूच्या उंचवट्यावरून जाणारी दुसरी वाट त्रासदायक असली तरी तेव्हा तीच धरावी.

गाडी खऱ्या फोर-व्हील ड्राइव्हची, लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गियर) असलेली आणि जमिनीपासून पुरेशी उंच असावी. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांवर छतावरचा तंबू, फ्रिज, दोन स्टेपन्या, कॉम्प्रेसर, जॅक आणि फावडे असते. पण ताब्यात घेतानाच प्रत्येक वस्तू उघडून, चालवून पाहावी. जॅक लावून एक चाक प्रत्यक्ष काढून पुन्हा बसवून पाहण्यात अर्धा तास जातो, तो खुशाल जाऊ द्यावा. विम्याच्या कागदात टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि पाण्याने होणारे नुकसान धरलेले आहे की वगळलेले, हे नीट वाचावे. बहुधा वगळलेलेच असते. सीमा ओलांडून शेजारच्या देशात जायचे असेल तर गाडीमालकाचे लेखी परवानगीपत्र सोबत लागते.

इंधन माऊनला मिळते आणि त्यानंतर कसानेच्या बाजूलाच, हे गृहीत धरावे. वाळूत मोठी गाडी शंभर किलोमीटरला १६ ते २० लिटर डिझेल पिते. प्राणी पाहण्याच्या फेऱ्या धरून ६०० ते ७०० किलोमीटर होतात, म्हणजे वीस लिटरच्या हिशेबाने १२० ते १४० लिटर डिझेल लागणार आणि वर राखीव साठा हवाच. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरावे. मोबाइलला वाटेत बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा, आणि शक्य असेल तर दोन गाड्यांनी मिळून जावे. अभयारण्यांतल्या तंबूच्या जागा मोजक्या असून त्या कित्येक महिने आधी आरक्षित होतात. आरक्षण नसताना संध्याकाळी दारात जाऊन उभे राहण्याची सोय येथे नाही.

आता वाळूविषयी. डांबरी रस्त्यावर चाकांत ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवली जाते. खोल वाळू सुरू होण्याआधी थांबून ती २० ते २२ पर्यंत उतरवावी. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालते. निम्म्याहून अधिक अडचण एवढ्यानेच संपते. त्यानंतर आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतूनच, एकसारख्या वेगाने जावे; स्टिअरिंगशी झुंजू नये, खोल वाळूच्या मध्यावर गियर बदलू नये आणि अनावश्यक ब्रेक लावू नये. सकाळची थंड वाळू घट्ट असते, दुपारी ती सैल होते, म्हणून लांबचा पल्ला पहाटे अभयारण्याचे दार उघडताच सुरू करावा. चाके जागच्या जागी फिरू लागली की त्याच क्षणी पाय उचलावा. आणखी दहा सेकंद जोर लावल्यास गाडीचे पोट वाळूवर टेकते आणि दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते. अशा वेळी उतरण्यापूर्वी चारही बाजूंची झुडपे नीट न्याहाळावीत, मग चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसावी, हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवावी आणि आल्या चाकोरीतूनच मागे यावे. इतक्या कमी हवेवर वळण जोरात घेतल्यास टायर रिंगवरून निसटतो, हे ध्यानात ठेवावे.

पाण्यातून जाताना वेगळे भान लागते. एरवी खोली पाहण्यासाठी माणूस आधी चालत जातो. येथे मगरी आणि पाणघोडे असल्याने तो मार्ग बंद आहे. पलीकडच्या काठावर ताज्या ओल्या चाकोऱ्या दिसतात का ते पाहावे, दुसरी गाडी येण्याची वाट पाहावी, रेंजर भेटल्यास त्याला विचारावे. पाणी चाकाच्या उंचीइतके असल्याची शंका आली तरी परत फिरावे. जायचेच ठरले तर लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गियर टाकून, क्लचला पाय न लावता, बॉनेटपुढे एक लाट राहील अशा संथ गतीने पार व्हावे. मध्येच इंजिन बंद पडले आणि त्यात पाणी गेल्याचा संशय असला, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

बोट्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, त्यामुळे हत्ती वाट अडवणार हे निश्चित समजावे. हॉर्न वाजवू नये, कळप आणि पिल्ले यांच्या मधे शिरू नये. गंडस्थळातून मद पाझरणारा माजावरचा नर दिसला तर तो दूर असतानाच मागे यावे. संत्र्यासारखी वासाची फळे गाडीत ठेवूच नयेत. तंबूच्या जागांना कुंपण नसते. अंधार पडल्यावर बॅटरीचा झोत चारही दिशांना फिरवल्याशिवाय शेकोटीपासून दूर जाऊ नये, आणि झोपण्यापूर्वी खाणे, भांडी, चपला सारे गाडीत बंद करावे. तरस चामड्याचा बूटही सोडत नाही. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात.

नियम थोडे पण कडक आहेत. अभयारण्यात वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे, वाट सोडून गाडी घालता येत नाही आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवता येत नाही. जनावरांच्या रोगनियंत्रणासाठी घातलेल्या कुंपणांच्या नाक्यांवर दक्षिणेकडे परतताना कच्चे मांस काढून घेतले जाते, म्हणून ते आधीच शिजवून संपवावे.

एक काम मात्र दररोज करावे. उंच गवतातून गाडी गेली की गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत भरते आणि इंजिन तापू लागते, तर सुके गवत सायलेन्सरवर अडकून पेट घेऊ शकते. दर मुक्कामी, आणि गवताच्या पट्ट्यात दर तासा-दोन तासांनी, खाली वाकून ते काढावे. सावुती सोडून कचिकाऊपाशी डांबरी रस्ता लागला की वेग वाढवण्यापूर्वी थांबून चाकांत पूर्ण हवा भरावी, कारण मऊ टायरवर ताशी शंभरच्या वेगाने गेल्यास तो तापून फुटतो. कसानेपर्यंतच्या या शेवटच्या पट्ट्यात गाई, गाढवे आणि हत्तीही रस्त्यावर येतात, म्हणून तो उजेडातच संपवावा.