जुन्या ट्रकचा फ्यूज सारखा उडतोय? आधी बल्ब लावून बघा

टाटा 1613 सारख्या जुन्या गाडीत टेललाईटचा फ्यूज लावला की उडतो, मग कोणीतरी मोठ्या अँपिअरचा फ्यूज नाहीतर सरळ तारच गुंडाळतो, आणि हे अजिबात करू नका कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. त्यापेक्षा फ्यूज काढून त्या जागी बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडून 21 वॅटचा बल्ब लावा, गाडी 24 व्होल्टची असेल तर 24 व्होल्टचाच (12 चा लावला तर लगेच जाईल) आणि लाईटचं बटण चालू करा. बल्ब फुल पेटला म्हणजे पुढे कुठेतरी वायर बॉडीला लागलीये, म्हणजे शॉर्ट आहे. आता मागून एकेक कनेक्टर सोडत या, ज्याच्यानंतर बल्ब मंद झाला किंवा विझला, फॉल्ट त्याच लाईनला. कनेक्टर सोडायच्या आधी हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवून बल्ब लुकलुकतो का बघितलं तर अर्धं काम तिथंच होतं, विशेषतः चॅसीच्या क्रॉस मेंबरवरून (आडव्या पट्टीवरून) वायर जाते तिथं आणि केबिन टिल्ट होणारी असेल तर बिजागरीजवळ, तिथं इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलेलं असतं.

आणि फ्यूज उडत नाही पण इंडिकेटर दिला की ब्रेक लाईटपण मिणमिणते, असं असेल तर शॉर्ट शोधत बसू नका, अर्थिंग गेलंय, म्हणजे लॅम्पचं बॉडीशी असलेलं निगेटिव्हचं कनेक्शन खराब झालंय. लाईट चालू ठेवून व्होल्टवर ठेवलेल्या मल्टीमीटरची एक पिन लॅम्पच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस.