काजवे बघायला जाताना टॉर्चला लाल कागद लावा

मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे गर्दी लोटते आणि मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात झाडांवरची लुकलुक मंदावते. पण पायाखालचं तर दिसायला हवं.

१. स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन कागद आणा.
२. त्याची दुहेरी-तिहेरी घडी टॉर्चच्या काचेवर ताणून रबरबँड लावा. मोबाइलच्या फ्लॅशवर चिकटपट्टीने लावा. निघण्याआधी अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उजेड पाडून बघा. कडेने पांढरी रेघ फुटत असेल तर कागद पुन्हा बसवा.
३. झोत पायाशीच ठेवा, झाडाकडे अजिबात नको.

डोळे अंधाराला सरावायला २० मिनिटं तरी लागतात. मंद लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही, पण कुणी स्क्रीन उजळली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फोटोचा मोह सोडा, गाडी गावातच लावा आणि जमलं तर अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा.

एक जपा: लाल उजेडात सुक्या पाल्यातली घोणस चटकन ओळखू येत नाही. घोट्यापर्यंतचे बूट घाला, पायवाट सोडू नका. गवतात, झुडपांवर काजव्यांच्या माद्याही बसलेल्या असतात, त्या पायाखाली येतात.